रंगीत छायाचित्रांचे आयुर्मान आणि त्यांची निगा

ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांची छायाचित्रे एकाच लोखंडी कपाटात राहत आली आहेत, त्या घरांत एक विपरीत प्रकार नित्य दृष्टीस पडतो. आजीआजोबांच्या लग्नातला, १९५० च्या आगेमागे एखाद्या स्टुडिओवाल्याने काढलेला कृष्णधवल फोटो कडांशी थोडा पिवळला असला, तरी त्यातल्या शालूच्या काठाची वेलबुट्टी अद्याप मोजून घ्यावी इतकी स्पष्ट असते. आणि त्याच कपाटात, त्याच पाकिटांच्या चळतीत, तीस वर्षांनंतरच्या मुंजीचे जे रंगीत फोटो मोठ्या हौसेने काढून घेतले, त्यांत मात्र मांडवाची हिरवी झालर तपकिरी झाली आहे, बटूचे पांढरे उपरणे गुलाबी पडले आहे, आणि जमलेल्या सर्व आप्तेष्टांच्या मुद्रांवर एकच तांबूस झाक पसरली आहे. घरच्या मंडळींचा तर्क असा असतो, की स्टुडिओवाल्याने फसवले किंवा कागद हलका वापरला. पुष्कळदा या दोहोंपैकी काहीही घडलेले नसते. त्या फोटोने आपल्या स्वभावधर्मानुसारच वर्तन केलेले असते; आणि तो स्वभावधर्म ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या जतनाची कोणतीही तजवीज पुरी पडत नाही.

कृष्णधवल फोटोतली आकृती जिलेटिनच्या थरात रुतलेल्या धातुरूप चांदीच्या सूक्ष्म कणांची असते, आणि चांदी हा धातू, गंधकाच्या वायूंपासून व ओलीपासून दूर ठेवला तर, शंभर-सव्वाशे वर्षे सहज टिकाव धरतो. रंगीत फिल्ममध्येही आरंभी चांदीचेच क्षार असतात. परंतु तिथे चांदीची भूमिका केवळ मध्यस्थाची. १९११-१२ च्या सुमारास रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनज्ञाने असे दाखवून दिले, की प्रकाश पडलेल्या क्षाराचे चांदीत रूपांतर करताना डेव्हलपर हे द्रव्य स्वतः जे बदलते, त्या बदललेल्या रूपाची गाठ 'कप्लर' नावाच्या दुसऱ्या द्रव्याशी पडली, तर त्या संयोगातून रंगद्रव्य जन्मास येते. फिल्मच्या तीन थरांत तीन निरनिराळे कप्लर ठेवले की एका थरात पिवळा, दुसऱ्यात मॅजेन्टा म्हणजे किरमिजी आणि तिसऱ्यात सायन म्हणजे हिरवट निळा असा रंग उमटतो. हे कार्य उरकले, की ब्लीच आणि फिक्सर यांच्या साहाय्याने सगळी चांदी धुऊन काढली जाते. मागे उरतात ती केवळ सेंद्रिय रंगद्रव्ये, आणि आपण ज्याला रंगीत फोटो म्हणतो तो एवढ्याच ऐवजावर उभा असतो. त्यांचे रेणू लांब, नाजूक आणि उष्णतेने, ओलाव्याने व प्रकाशाने तुटणारे असतात. आणि ते तुटले की रंग जागच्या जागी नाहीसा होतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे वस्तू जपणे म्हणजे ती कुलपात ठेवणे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. उन्हाने रंग उडतो हे प्रत्येक गृहिणीला गालिच्यावरून आणि पडद्यावरून ठाऊक असते, आणि म्हणून फोटोही ट्रंकेच्या तळाशी, काळोखात, रेशमी साड्यांखाली ठेवले म्हणजे कर्तव्य संपले असे मानले जाते. परंतु रंगीत फिल्मच्या बाबतीत अंधार हा अर्धाच बंदोबस्त होय. या रंगद्रव्यांचा ऱ्हास दोन स्वतंत्र मार्गांनी होतो: एक प्रकाशाने, आणि दुसरा संपूर्ण अंधारात, केवळ ऊब आणि दमटपणा यांच्या योगाने. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर वैशाखात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या ट्रंकेत प्रकाशाचा एक किरणही शिरत नसतो, आणि तरीही तिच्यातले फोटो दिवाणखान्याच्या थंड भिंतीवर टांगलेल्या फोटोंच्या आधी निकालात निघतात, याचे कारण हेच.

एखाद्या फोटोचे नुकसान कोणत्या मार्गाने झाले, याची कैफियत तो फोटो स्वतःच देत असतो. अंधारातल्या ऱ्हासात, १९८५ पूर्वीच्या बहुतेक कागदांवर आणि फिल्मांवर, सायन हा रंग सर्वांत आधी क्षीण होतो, पिवळाही त्याच्या मागोमाग उतरतो, आणि उरलेल्या मॅजेन्टाच्या जोरावर अख्खे चित्र तांबडे-गुलाबी दिसू लागते. भिंतीवर उजेडात राहिलेल्या फोटोत बहुधा याच्या उलट घडते: मॅजेन्टा आधी उडतो आणि चित्राला हिरवट किंवा निळसर छटा येते. तेव्हा तांबडा फोटो हाती आला, तर तो उन्हाने नव्हे तर उष्म्याने बिघडला असे समजावे, आणि त्याच पेटीतल्या इतर फोटोंची जागा त्याच दिवशी बदलावी. अंधारातल्या ऱ्हासाची एक जमेची बाजूही आहे. तो चित्रभर सारख्याच प्रमाणात होत असल्यामुळे, जो काही अंश उरला असेल त्यावरून संगणकाच्या साहाय्याने मूळ रंगाचा बऱ्यापैकी अदमास बांधता येतो. प्रकाशाने उडालेल्या चित्रात मात्र फिकट भागांतला तपशीलच नष्ट झालेला असतो, आणि जे उरलेच नाही ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

सगळ्या फिल्मा सारख्या नाशिवंत नाहीत. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या दोन संगीतज्ञांनी सिद्ध केलेली कोडाक्रोम ही फिल्म १९३५ साली बाजारात आली. तिच्यात कप्लर मुळी फिल्ममध्ये नसतच; ते धुलाईच्या रसायनांतून येत आणि काम झाल्यावर धुऊन जात. त्यामुळे मागाहून पिवळट डाग पाडणारे अवशिष्ट द्रव्य तिच्यात उरत नाही, आणि १९३८ साली धुलाईची पद्धत सुधारल्यानंतरच्या कोडाक्रोम स्लाइडांचे रंग अंधारात ठेवले असता आश्चर्य वाटावे इतके ताजे राहिले आहेत. मात्र हीच कोडाक्रोम प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे सर्वांत दुबळी ठरते. हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ साली रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोडाक्रोमची मूळ स्लाइड तिच्या सबंध आयुष्यात मिळून सुमारे तासाभरापेक्षा अधिक काळ पडद्यावर दाखवू नये, असा दंडक सांगितला आहे. एक्टाक्रोमला त्यांनी सुमारे अडीच तास आणि फूजीक्रोमला पाच तास दिले आहेत. घरी पाहुणे आले की काश्मीरच्या सहलीच्या स्लाइडा भिंतीवर दाखवण्याची हौस ज्यांना अजून आहे, त्यांनी मूळ स्लाइडीवरून प्रत काढून ती दाखवावी. कोडाक्रोम ओळखण्यास कठीण नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीवर तसे नाव छापलेले असते. नसल्यास स्लाइड तिरकी धरून जिलेटिनची बाजू उजेडात पाहावी, म्हणजे चित्रातल्या गडद आणि फिकट भागांच्या सीमेवर उठावाच्या कोरीव रेषा दिसतात, तशा इतर स्लाइडांवर इतक्या ठसठशीत दिसत नाहीत. या फिल्मची धुलाई करणारी जगातली अखेरची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स या गावी होती, आणि तिने ३० डिसेंबर २०१० नंतर धुलाईसाठी नवे रोल घेणे थांबवले. तेव्हा कोणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल असेल, तर त्यातून रंग मिळण्याची आशा सोडून द्यावी.

कोडाक्रोमच्या उलट टोकाला कोडाकलरचे आरंभीचे प्रिंट येतात. १९४२ ते १९५३ या कालखंडातले ते प्रिंट जवळजवळ सगळेच पिवळट डाग आणि उडालेले रंग एवढ्यावर येऊन थांबले आहेत, आणि विल्हेल्म यांनी तर तो सबंध काळच कायमचा गमावलेला ठरवला आहे. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत रंगीत प्रिंट सर्रास येऊ लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणून त्या विशिष्ट आपत्तीतून आपण वाचलो. पण १९७० च्या दशकातले आणि १९८० च्या आरंभीचे कागद हेही काही फारसे भरवशाचे नव्हते. शिवाय एकाच जातीचे दोन रोल दोन निरनिराळ्या ठिकाणी धुतले असता त्यांचे आयुष्य निरनिराळे होते, असाही अनुभव येतो. १९७२ पासून रंगीत निगेटिव्हांसाठी जी सी-४१ नावाची धुलाई रूढ झाली, तिच्यात सगळ्यात शेवटी स्टॅबिलायझरचे एक कुंड असे. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडमुळे उरलेला मॅजेन्टा कप्लर निष्क्रिय होई आणि रंग टिके. ते शेवटचे कुंड जुने झाले, किंवा खर्च वाचवण्यासाठी गाळले, तर ग्राहकाला त्या दिवशी काहीच कळत नसे. निगेटिव्ह तितकीच चमकदार दिसे, आणि झालेल्या हयगयीचा दाखला पंधरा-वीस वर्षांनी मिळे.

या साऱ्या प्रश्नाचा जाहीर बोभाटा झाला तो सिनेमामुळे. १९५० साली ईस्टमन कोडॅक कंपनीची एकपदरी रंगीत फिल्म आल्यावर रंगीत चित्रपट काढणे पुष्कळ सुलभ झाले, आणि त्याबरोबरच वीस-पंचवीस वर्षांत गुलाबी होणाऱ्या प्रिंटांचे युगही सुरू झाले. १९८० च्या सुमारास मार्टिन स्कोर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाने जगभरच्या चित्रपटकारांच्या सह्या गोळा करून कोडॅक कंपनीपुढे ही तक्रार मांडली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, अंधारात कितीतरी अधिक टिकणारा सायन रंग असलेली प्रिंट फिल्म कंपनीने सर्रास पुरवण्यास आरंभ केला. त्याआधीच्या टेक्निकलर छपाईत ही अडचण नव्हती, कारण तिथे रंग फिल्मच्या पोटात रासायनिक क्रियेने निर्माण होत नसून, स्वतंत्रपणे निवडलेली टिकाऊ रंगद्रव्ये छापखान्यातल्या शाईप्रमाणे एकावर एक उतरवली जात. सोहराब मोदींचा १९५३ चा 'झाँसी की रानी' आणि व्ही. शांताराम यांचा १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे' हे दोन्ही टेक्निकलरचे चित्रपट. त्या पद्धतीने छापलेली जुनी प्रिंट ईस्टमनच्या समकालीन प्रिंटेच्या शेजारी ठेवली, तर वयाने सारख्या असलेल्या त्या दोघी एका पिढीच्या वाटत नाहीत.

परंतु रंग कायमचा टिकवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय टेक्निकलरहूनही जुना आहे. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराने १९०५ ते १९१५ च्या दरम्यान झारच्या साम्राज्यातली गावे, मठ, नद्या आणि माणसे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेमधून अशी प्रत्येकी तीन वेळा टिपली. काचपट्टीवर उमटल्या त्या तिन्ही प्रतिमा मात्र साध्या कृष्णधवल, चांदीच्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ साली तो संग्रह विकत घेतला, आणि पुढे त्या तीन-तीन प्रतिमा संगणकावर एकत्र बसवल्या तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या बुखाऱ्याच्या अमिराचा निळा रेशमी झगा डोळे दिपावेत अशा रंगात पुन्हा प्रकट झाला. हॉलीवूडच्या मातब्बर कंपन्यांनीही याच न्यायाने आपल्या चित्रपटांच्या तीन-तीन कृष्णधवल फिती करून ठेवण्याचा परिपाठ ठेवला. सामान्य गृहस्थाला हा खटाटोप परवडणारा नाही. पण रंगाचा साक्षीदार रंग नसावा, तो चांदी किंवा आकडे असावेत, हे तत्त्व त्यातून कळते, आणि पुढे स्कॅनिंगविषयी जे सांगायचे आहे ते याच तत्त्वावर उभे आहे.

त्याआधी जागेचा प्रश्न. रॉचेस्टर येथील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट या संस्थेने केलेल्या अभ्यासाचा स्थूल निष्कर्ष असा, की साठवणीचे तापमान दर पाच-सहा अंश सेल्सियसने उतरवले की रंगद्रव्यांचे आयुर्मान जवळजवळ दुप्पट होते, आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांवरून चाळीसवर आणली तरी लाभ लहानसहान नसतो. या हिशेबाने अठ्ठावीस अंशांच्या खोलीतली निगेटिव्ह चार अंशांच्या रेफ्रिजरेटरमध्ये नेली, तर कागदावर तरी तिचे आयुष्य सोळापट होते. मोठे संग्रह याच मार्गाने जातात: अपोलो मोहिमांतून चंद्रावरून आणलेली मूळ फिल्म अमेरिकेत उणे अठरा अंशांवर ठेवली आहे, आणि बेटमन हा वृत्तछायाचित्रांचा प्रचंड संग्रह पेनसिल्वेनियातल्या एका जुन्या चुनखडीच्या खाणीत गोठणबिंदूखाली नेऊन बसवला आहे. रंगीत फिल्मच्या दीर्घकालीन साठवणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर पायऱ्याच ठरवून दिल्या आहेत: दोन अंशांवर ठेवायचे असेल तर आर्द्रता वीस ते तीस टक्के, उणे तीन अंशांवर चाळीसपर्यंत, आणि उणे दहा अंशांवर पन्नासपर्यंत चालते. थंडी जितकी अधिक, तितकी ओलाव्याबाबत सवलत अधिक.

आपल्या प्रदेशात या दोन शत्रूंची वाटणी मोठी विचित्र आहे. मुंबई, कोकण आणि गोवा येथे हवा वर्षाचे बाराही महिने दमट, आणि आषाढ-श्रावणात तर ती नव्वद टक्क्यांच्या घरात. तिथे रंगाच्या आधी बुरशीच फिल्म खाते, कारण जिलेटिन हे तिचे आवडते अन्न, आणि आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की तिला आमंत्रण द्यावे लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यात बुरशीचे भय त्या मानाने थोडे, पण उन्हाळ्याचा ताप असा, की रंगांचा ऱ्हास दोन-तीन महिन्यांतच वर्षभराचा पल्ला गाठतो. देशावरच्या वाड्यांतली जाड दगडी भिंतींची, उत्तरेकडची, तळमजल्यापेक्षा थोडी उंच असलेली खोली ही पूर्वीपासून फोटोंना मानवणारी जागा. तीत जमिनीपासून हातभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लोखंडी कपाट असेल, तर यंत्रावाचून जे साधायचे ते बरेचसे साधते. माळा, गच्चीखालची खोली, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत आणि न्हाणीघराच्या शेजारची जागा या चारही वर्ज्य समजाव्यात.

ज्यांना रेफ्रिजरेटरचा आश्रय घ्यायचा आहे, त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, की घरगुती फ्रीज थंड असतो, पण कोरडा नसतो. म्हणून फिल्म त्यात उघडी कधीही ठेवू नये. पॅकिंगसाठी ऋतू निवडावा लागतो. पुणे, सातारा, नाशिक या भागांत माघ-फाल्गुनातली कोरडी पण फार न तापलेली सकाळ उत्तम. विदर्भातल्या चैत्र-वैशाखाची हवा मात्र इतकी शुष्क, की तीत जिलेटिन ठिसूळ होऊन वळते, म्हणून तो काळ टाळावा. कोकणवासीयांनी वातानुकूलित खोलीत आपली पाकिटे दोन-तीन दिवस उघडी ठेवून मगच ती बांधावीत. निगेटिव्हांच्या पट्ट्या पाकिटांत, पाकिटे पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोके तोंड घट्ट बंद होणाऱ्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत, हवा दाबून काढून, आणि ती पिशवी दुसऱ्या तशाच पिशवीत, असा क्रम ठेवावा. दोन पिशव्यांच्या मध्ये ओलावा दाखवणारा, रंग बदलणारा कागदी तुकडा घातला तर बाहेरची पिशवी कुठे फाटली आहे काय हे न उघडता कळते. वीज तासन्‌तास जात असली तरी या दुहेरी वेष्टणामुळे फारसे बिघडत नाही. बाहेर काढताना मात्र घाई नको: पिशवी न उघडता ती रात्रभर खोलीत राहू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी उघडावी, अन्यथा थंडगार फिल्मवर हवेतले पाणी दवासारखे जमते, आणि मग केलेला सगळा खटाटोप उलटतो. बुरशी लागलेली किंवा ओलसर फिल्म आधी वाळवल्याशिवाय गोठवू नये, हे वेगळे सांगण्याचे कारण नसावे, पण सांगितलेले बरे.

आवरणांच्या बाबतीत बाजारावर विसंबून चालत नाही. पीव्हीसीचे अल्बम आणि थैल्या कालांतराने चिकट द्रव सोडतात आणि क्लोरीनची आम्ले हवेत मिसळतात. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन ही तीन प्लास्टिके निर्धोक. कोणते प्लास्टिक कोणते हे दुकानदारास बहुधा ठाऊक नसते, म्हणून एक परीक्षा करून घ्यावी: तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईस्तोवर तापवावी, त्या प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्याला टेकवावी, आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. ही परीक्षा उघड्या गच्चीत करावी, आणि निगेटिव्हवर मुळीच करू नये. स्टुडिओतून मिळणारी अर्धपारदर्शक गुळगुळीत कागदी पाकिटे पावसाळ्यात फिल्मला चिकटतात, ती बदलावीत. लग्नाच्या फोटोंसाठी एके काळी फार लोकप्रिय झालेल्या, चिकट पानांवर पारदर्शक कागद दाबून बसवण्याच्या अल्बमांविषयी माझे मत फार वाईट आहे: त्यांतला डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीतून आत शिरतो. असे फोटो ओढून काढू नयेत. दातांसाठी मिळणारा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवून सुटले तर सोडवावेत, न सुटल्यास पानासकट त्यांचे फोटो काढून घ्यावेत आणि त्या पानाला तसेच राहू द्यावे.

डांबरगोळ्यांचे काय, असे पुष्कळांच्या मनात येईल. कपड्यांच्या पेटीत त्यांचा उपयोग असेल, पण त्यांची वाफ फोटोवर बसते आणि प्लास्टिकला मऊ करते. कापूरही त्याच पंगतीतला. फोटोंच्या कपाटात या दोहोंना मज्जाव असावा, आणि ताज्या रंगाच्या, नव्या प्लायवुडच्या कपाटालाही वर्ष-दोन वर्षे थांबण्यास सांगावे.

एक वेगळी व्याधी नाकानेच ओळखायची असते. जुनी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर बनलेली असून, ती पट्टी उष्म्याने व ओलीने विघटित होऊ लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट दर्प येतो, पट्टी आक्रसते आणि वाकडी होते. हे विघटन एकदा सुरू झाले की त्यातून निघणारे आम्लच त्याला वेग देते, आणि शेजारच्या फिल्मलाही ते बाधते. असा डबा आढळल्यास तो इतरांपासून त्याच दिवशी अलग करावा, हवेशीर जागी ठेवावा, आणि स्कॅनिंगच्या यादीत सर्वांच्या पुढे घालावा. घरगुती आठ मिलिमीटरच्या सिनेफिल्मांत हा प्रकार विशेष आढळतो. ऐतिहासिक महत्त्वाची काही चलचित्रे कोणाकडे असतील, तर ती घरात जपण्याचा हट्ट न धरता, १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा, असे माझे सांगणे आहे.

आता प्रतींविषयी. आपल्याकडे सर्वांत मोठा अपव्यय कोणता होत असेल, तर निगेटिव्हा फेकून देण्याचा. प्रिंट अल्बममध्ये लागले की त्या तपकिरी-नारिंगी पट्ट्या कोणाला नकोशा होतात, घर बदलताना त्या रद्दीत जातात, आणि पुढे प्रिंट तांबडा पडला की मूळ साधनच हाती उरत नाही. वास्तविक प्रिंट ही नक्कल असून निगेटिव्ह हा मूळ दस्तऐवज होय. तिच्यावर कॅमेऱ्याने टिपलेला उजेड-सावल्यांचा विस्तार प्रिंटपेक्षा कितीतरी अधिक असतो. तिच्या नारिंगी पटलामुळे रंग उतरला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सुस्थितीत असल्याचा समज होतो, पण तीही त्याच नियमाने झिजते. सबब अग्रक्रम असा ठरवावा: आधी दर्प येणाऱ्या आणि बुरशी लागलेल्या फिल्मा, मग १९८५ पूर्वीच्या निगेटिव्हा आणि कोडाक्रोम सोडून इतर स्लाइडा, मग ज्यांच्या निगेटिव्हा हरवल्या आहेत असे प्रिंट, आणि शेवटी उरलेले सर्व. कोडाक्रोमला थांबता येते.

स्कॅन करून देणाऱ्या दुकानदाराशी आधी बोलून अटी ठरवून घ्याव्यात, कारण न सांगितल्यास तो सर्व काही स्वयंचलित पद्धतीवर सोडून देतो, आणि यंत्र आपल्या अकलेने रंग 'सुधारून' टाकते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मसाठी इंचास चार हजार ठिपके पुरेसे आहेत; त्यातून सुमारे दोन कोटी बिंदूंचे चित्र मिळते, आणि बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांच्या भिंगांत त्याहून अधिक तपशील नसतोच. प्रत्येक रंगासाठी सोळा बिटांची खोली आणि टिफ पद्धतीची फाइल मागावी. रंगाची स्वयंचलित सुधारणा बंद ठेवून, फिल्म आज जशी आहे तशीच उतरवून घ्यावी, म्हणजे उतरलेल्या सायनचा उरलासुरला अंशही तिन्ही रंगांच्या आकड्यांत स्वतंत्र नोंदला जातो. दुरुस्ती नंतर, प्रतीवर करावी. धूळ पुसून टाकणारी जी अवरक्त किरणांची सोय अनेक यंत्रांत असते, ती साध्या रंगीत निगेटिव्हांवर फार उपयुक्त आहे. कृष्णधवल फिल्मवर ती चालत नाही, आणि कोडाक्रोमवरही ती गफलत करते, कारण या फिल्मांतला चित्राचाच भाग तिला धूळ वाटतो. फिल्म पुसण्यासाठी धोतराचे मऊ टोक किंवा रुमाल कधीही वापरू नये. मऊ केसांचा कोरडा ब्रश आणि हवेचा रबरी फुगा एवढेच पुरे. तांबड्या पडलेल्या फोटोला एखाद्या रसायनात बुडवून 'जिवंत' करून देणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्या हाती मूळ ऐवज देऊ नये.

तयार झालेल्या फायली दोन निरनिराळ्या डिस्कांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा मुलीकडे, अशी वाटून ठेवावी. दर चार-पाच वर्षांनी त्या नव्या डिस्कांवर उतरवाव्यात. मूळ निगेटिव्हा स्कॅन झाल्या म्हणून टाकू नयेत. त्या पुन्हा पूर्वीच्याच क्रमाने पाकिटात घालून, पाकिटावर शिसपेन्सिलीने तारीख, प्रसंग आणि फोटोतल्या मंडळींची नावे, वयोवृद्ध नातेवाईक हयात आहेत तोवरच विचारून घेऊन, लिहावीत. ते लिखाण फिल्म आत घालण्यापूर्वी करावे, कारण भरलेल्या पाकिटावर पेन्सिल जोराने टेकली की तिचा ठसा आतल्या जिलेटिनवर उमटतो. बॉलपेनची शाई फिल्मला लागते, म्हणून ती वापरू नये.